आवक, जावक आणि आशीर्वाद

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून उमेदीची सारी वर्षे बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावक टपालाच्या नोंदींच्या, सहवासात घालविलेल्या माणसास आपल्या टपालाच्या व्यवस्थेचा किंचित गर्व असला, तर तो क्षम्य मानावा. माझ्या संगणकावरील ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पत्रास एक ओळ, ओळीत प्रेषक, विषय व तारीख असे रकाने, आणि डाव्या बाजूस ‘तातडीचे’, ‘विचाराधीन’, ‘निकाली’ अशी फोल्डरे होती. सोसायटीत कोणाचे टपाल अडले, की त्यास बोलावून, केवळ मार्गदर्शनार्थ, मी हे दफ्तर दाखवीत असे. ‘तातडीचे’मध्ये मुख्यत्वे विजेची बिले आहेत, हे पाहुण्याच्या ध्यानी येण्यापूर्वी ते मिटण्याची चपळाई मजपाशी होती.

परवा या प्रोग्रॅमने माझी अनुमती न घेता स्वतःस अद्ययावत करून घेतले. मेनूची ओळ अंतर्धान पावली, रकाने बरखास्त झाले, पत्रांची कार्डे झाली. ‘उत्तर द्या’ची जागा ‘काढून टाका’ने बळकावल्यामुळे बँकेच्या एका पत्रास माझ्या हातून अनायासे योग्य तो न्याय मिळाला, याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका विषयाची पत्रे एकाच मथळ्याखाली गोळा करण्याच्या नव्या रीतीविषयी. एका मासिकाच्या संपादकांशी माझा प्रदीर्घ पत्रव्यवहार आहे, असे मी चारचौघांत सांगत आलो होतो; ती साखळी उलगडली, तेव्हा तीत वरपासून खालपर्यंत मीच होतो, आणि मध्ये कोठेतरी ‘लेख मिळाला’ एवढी त्यांची पोच होती.

टपालाच्या मांडणीचा विषय निघाला, की पेशवे दफ्तराविषयी बोलल्यावाचून माझ्याने राहवत नाही. आणि राहवत नाही म्हणूनच लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची पाने सहसा रिकामी असतात. 1818 साली पेशवाई बुडाली आणि दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. परंतु मोडी कागदांचे कापडात बांधलेले ते हजारो रुमाल पुण्यात आजही आहेत. रियासतकार सरदेसायांनी 1930 नंतरच्या काही वर्षांत त्यांतून निवडक कागदांचे 45 खंड सिद्ध केले. त्या काळच्या कित्येक पत्रांवर तिथी असे, महिना असे, परंतु सालाचा पत्ता नसे. ते ठरविण्यासाठी मजकुरातील एखादी स्वारी, एखादे लग्न, एखादा मृत्यू यांचा माग काढीत संशोधकांनी डोळे शिणविले. रुमाल मात्र रात्रीतून आपला आकार बदलत नसे, आणि सोडलेली गाठ ज्याची त्यासच बांधावी लागे. असो, पंगत पुढे सरकली असेल.

नव्या कार्डावर पत्राची पहिली ओळही दिसते. नागपूरचे माझे मामा नव्वदीला टेकले आहेत, आणि ईमेलही शाईने लिहावे तसे लिहितात. त्यांच्या प्रत्येक कार्डावर तेच: ‘चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की’, आणि तेथेच कार्ड संपते. प्रथम मी संतापलो. मग एकेक पत्र उघडून ते कारण शोधू लागलो. एकात मामींच्या गुडघ्यांचे वर्तमान होते, एकात संत्र्यांचा भाव, आणि बहुतेकांत केवळ ‘बरेच दिवसांत पत्र नाही’. म्हणजे पत्राचे खरे कारण कार्डावर आधीच येऊन गेले होते. जुन्या तक्त्यात हीच पत्रे, विषयाचा रकाना मामा कोराच ठेवीत असल्यामुळे, कोऱ्या ओळीसारखी पडून असत, आणि माझ्यासारखा व्यवस्थाप्रिय मनुष्य ती सवडीने वाचण्यासाठी ‘विचाराधीन’मध्ये टाकीत असे.

आल्ट ही कळ दाबल्यास मेनूची ओळ प्रकट होते आणि तेथून जुने रकाने परत मिळविता येतात, हे आता मला अवगत आहे. त्याप्रमाणे सर्व फोल्डरांत ते पुनःस्थापित केले आहेत. मामांच्या पत्रांस स्वतंत्र फोल्डर दिले असून तेथे कार्डे कायम ठेवली आहेत. विषय न लिहिण्याबद्दल मामांना उपदेश करण्याच्या विचारात मी होतो, परंतु नियम पाहता तो बेत रहित करावा लागला: इंटरनेटवरील पत्रांसाठी 1982 साली ठरलेल्या नियमांत प्रेषक आणि तारीख सक्तीची होती, विषय ऐच्छिक होता, आणि 2008 च्या सुधारित नियमांतही तो ऐच्छिकच आहे.