ईजीआरला पत्रा मारण्याचा शास्त्रोक्त विधी

साहित्य : बीएस-४ ची थकलेली डिझेल गाडी, ओळखीचा मिस्त्री, गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा, कातर, आणि ‘माझ्या मेव्हण्यानं केलंय, गाडीचं विमान झालं’ असं सांगणारा एक मित्र. मित्र नसेल तर विधी करू नये. श्रद्धेवाचून फळ नाही.

संकल्प : मनात म्हणावं, ‘इंजिनानं बाहेर टाकलेला धूर परत त्याच्याच नाकात कोंबायचा? कंपनीच्या इंजिनिअरांना अक्कल नाही.’ त्या धुरात हवेपेक्षा प्राणवायू कमी असतो, त्यामुळे सिलिंडरमधली आग जरा निवते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतो, हे या घडीला आठवू नये. संकल्प मोडतो.

विधी :

१. बॉनेट उघडून ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे धूर परत इंजिनात सोडणारी झडप, शोधावा. हात पोचत नाही तिथे बघावं, तिथेच असतो. बोल्ट सोडले की आत काजळी दिसेल. कढईच्या बुडासारखी, पण ओलसर आणि चिकट, साबणानंही बोटावरून न जाणारी. धुराची काजळी आणि ऑइलची वाफ यांचं हे लग्न. कार्ब क्लीनर मारून, ब्रशनं घासून ती तासाभरात निघते. निघू देऊ नये, नाहीतर विधी इथेच संपेल.

२. गॅस्केट पत्र्यावर ठेवून पेनानं आकार काढावा, कापावा, बोल्टपुरती भोकं पाडून मध्ये बसवावा. डब्याचा पत्रा पातळ. धुराच्या उष्णतेनं तो जळून भोक पडलं, तर विधी पुन्हा करावा. पुण्य दुप्पट.

३. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून मोठ्यानं म्हणावं, ‘पिकअप जाणवतोय!’ एवढा जोर मागितला की गाडीचा कॉम्प्युटर ईजीआर स्वतःच मिटून घेतो. म्हणजे जिथे ताकद हवी, तिथे तो आधीपासून बंदच होता. हे मिस्त्रीला विचारू नये. बिचाऱ्याचं पोट आहे.

४. दोन-चार दिवसांत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागेल. स्कॅनर पी०४०१ दाखवेल : धूर परत येत नाही. काही गाड्या रुसून लिंप मोडमध्ये जातात आणि आपली ताकद आपणच कमी करतात. पिकअपसाठी मांडलेल्या पूजेचा हा प्रसाद. आता लॅपटॉपवाला बोलवावा. दिवा विझवण्याची दक्षिणा वेगळी.

शंकासमाधान :

पीयूसीत पकडतील का? नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. उलट ईजीआर बंद केला की काजळी कमीच होते. प्रमाणपत्र फ्रेम करून लावावं. तपासणीला फसवायला फोक्सवॅगननं सॉफ्टवेअर लिहिलं, जगभरातल्या एक कोटी दहा लाख गाड्यांत घातलं आणि २०१५ साली पकडली गेली. आपलं तेलाच्या डब्यात भागतं.

कायदा? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पत्रा एकच मारावा. स्वस्त पडतं.

फलश्रुती : नायट्रोजन ऑक्साइड दिसत नाही, हाच त्याचा मोठा गुण. सिग्नलला आपल्यामागे स्कूटर थांबते, पुढच्या फळीवर शाळेची पिशवी घेतलेली मुलगी उभी असते. आपल्या नळीचं तोंड साधारण तिच्या दिशेला. उरलेला वायू उन्हात ओझोन होऊन संध्याकाळी आपल्याच गच्चीवर येतो. घरचं घरातच राहतं.

शेवटी विधीबाहेरचं एक. गाडी खरंच उठत नसेल तर आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरा. मग डिझेल फिल्टर, मग टर्बोचा पाइप कुठे फुटलाय का, ते बघा. बऱ्याचदा रोग रेड्याला असतो आणि औषध पखालीला. व्हॉल्व्ह तासभर साफ करून घ्या आणि अधूनमधून गाडी हायवेला मोकळी पळवा. आणि डब्यात गोडेतेलच राहू द्या.