मॉडेल एटचे मानकरी

शिकारी माणूस आपल्या रायफलीबद्दल बोलू लागला की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला जनावर यायला हवं. अमेरिकेतल्या ‘रेमिंग्टन मॉडेल एट’च्या मालकाचं मात्र अर्धा तास झाला तरी हरीण काही रानाबाहेर पडत नाही. आधी तेल कोणतं घालावं ते येतं, मग ते किती कमी घालावं ते येतं, मग स्प्रिंगा येतात, स्प्रिंगा बसवताना नखांचं काय होतं तेही येतं, आणि तोवर ऐकणाऱ्याची कॉफी गार झालेली असते. साठी उलटलेले, चौकड्यांचा लोकरी शर्ट घातलेले, तळघरात स्वतःचं टेबल, पकडी आणि पाने मांडून बसणारे हे गृहस्थ स्वतःला शिकारी म्हणवतात आणि दरवर्षी इमानाने शिकारीचा परवानाही काढतात. माझं म्हणणं असं की ते शिकारी नव्हेतच. शिकार हे घरच्यांना सांगायचं निमित्त; त्यांचा खरा उद्योग देखभालीचा आहे, आणि ती देखभाल संपूच नये अशी त्यांची मनोमन इच्छा असते.

गंमत अशी की ही रायफल निघाली ती माणसाचे कष्ट वाचवायला. जॉन ब्राउनिंग या विलक्षण कारागिराने १९०० साली तिचं पेटंट घेतलं, रेमिंग्टन कंपनीने १९०६ साली ती अमेरिकेच्या बाजारात आणली आणि १९११ साली तिला ‘मॉडेल एट’ हे नाव दिलं. १९३६ साली थोडे फेरफार होऊन तिची ‘एटीवन’ झाली, आणि १९५० साली तीही बंद पडली. तिचा सगळा मोठेपणा एका गोष्टीत होता: एक गोळी सुटली की दुसरं काडतूस आपोआप नळीत येणार, हाताने काही ओढायचं-ढकलायचं नाही, नुसता चाप दाबत राहायचा. त्यासाठी आत जे नाट्य घडतं ते पाहण्यासारखं आहे. गोळी सुटताच नळी आणि तिचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट एकमेकांना घट्ट धरून मागे सरकतात, तेही अख्ख्या काडतुसाच्या लांबीहून जास्त. मग बोल्ट मागेच अडकून राहतो, नळी एकटी पुढे निघून जाते, रिकामं काडतूस बाहेर उडतं, आणि त्यानंतर बोल्ट नवं काडतूस पुढे रेटत आपल्या जागी येतो. हे सारं एका पोलादी वेष्टनाच्या आत चालतं. नवख्याला ते वेष्टनच नळी वाटतं आणि एवढी जाड नळी कशाला, असा प्रश्न तो विचारतो. या प्रश्नाची मालक वाटच पाहत असतात.

ज्या यंत्रात खुद्द नळीच येरझारा घालते, तिथे झिजायला जागा किती! नळीभोवतीची स्प्रिंग दमली की धातूवर धातू आपटायला लागतो. वंगण कमी पडलं तर नळी अडते. जास्त झालं आणि रायफल कपाटात नेहमीसारखी उभी ठेवली, तर तेल झिरपत दस्त्यात उतरतं आणि लाकूड काळं पडून मऊ होतं. म्हणून जाणते लोक ती उलटी ठेवतात, तोंड खाली आणि दस्ता वर. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं रसायन जळलं की नळीत क्षार राहत, आणि त्या काळच्या मालकाने त्याच संध्याकाळी नळी पाण्याने धुतली नसेल तर गंजाचे खड्डे पडत. कुणा अनोळखी माणसाने शंभर वर्षांपूर्वी केलेल्या त्या आळसाचा हिशेब आजचे मालक तारेच्या ब्रशने चुकवत बसतात. आतल्या गंजाचे असे हाडवैरी असलेले हे गृहस्थ बाहेरच्या तपकिरी डागांना मात्र बोट लावू देत नाहीत. मूळचा निळसर काळा मुलामा उडून पोलाद तपकिरी झालं, की त्याला ते वयाचं तेज म्हणतात. कुणी हौसेने नवा मुलामा चढवून आणला, तर संग्राहकांच्या बाजारात रायफलीची किंमत कोसळते आणि मालकाची अब्रूही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: अहो, दर हिवाळ्यात जातात की ते रानात! जातात खरे. पण पेनसिल्व्हेनियासारख्या शिकारवेड्या राज्याचंच पाहा. रायफल बाजारात आली १९०६ साली आणि तिथल्या विधिमंडळाने अशा आपोआप भरणाऱ्या बंदुकांनी शिकार करायला बंदी घातली १९०७ साली. २०१७ मध्ये छोट्या आणि केसाळ जनावरांपुरती मोकळीक मिळाली, हरणासाठी नाही. म्हणजे तिथल्या मालकाला आपली लाडकी घेऊन हरणामागे जायचं तर राज्याची हद्द ओलांडावी लागते. शिवाय काडतुसांचं रडगाणं आहेच. ही रायफल रेमिंग्टनच्याच .२५, .३०, .३२ आणि .३५ अशा चार मापांत निघाली. त्यांपैकी आज कारखान्यातून निघतं ते .३५ तेवढं, तेही लहर येईल तेव्हा. बाकीचे मालक दुसऱ्या जातीची काडतुसं कापून, दाबून आणि घासून आपल्या मापाला आणतात. .३० वाले तर अभिमानाने सांगतात, की आमच्या काडतुसाच्या पुंगळीवरूनच अमेरिकेच्या सैनिकांसाठी ६.८ मिलिमीटरचं काडतूस घडवलं गेलं. सैनिकांचं भलं झालं असेल, यांना काडतूस अजून मिळत नाही ते नाहीच. तेव्हा पाच गोळ्या भराभर झाडणाऱ्या यंत्रातून वर्षाकाठी दोन सुटतात, त्यातली एक नेम तपासायला. तासगावच्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीला ओढला जातो म्हणून रथाच्या मानकऱ्याला कुणी गाडीवान म्हणत नाही. यांना शिकारी का म्हणावं?

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: ही गुंतवणूक आहे. पन्नास वर्षांपुढच्या बंदुकांना अमेरिकी केंद्र सरकार ‘कुतूहलाच्या आणि पुरातन वस्तू’ मानतं आणि त्या जमवणाऱ्यांना तीस डॉलरमध्ये तीन वर्षांचा वेगळा परवाना देतं, हे खरं आहे. पण गुंतवणूक म्हटली की ती कधीतरी मोडायची असते. विकायचा विषय काढून पाहा. गृहस्थ एकदम तेलाच्या विषयावर परत येतात.

तिसरा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. शेवटी ही बंदूकच आहे, आणि बंदुकांपायी त्या देशात जे चाललं आहे ते पाहता म्हातारीचं कौतुक कशाला करायचं? मान्य. म्हातारी झाली म्हणून रायफल निरुपद्रवी होत नाही. बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीला १९३४ च्या मे महिन्यात लुइझियानातल्या रस्त्यावर पोलिसांनी गाठून मारलं, तेव्हा त्या पथकाचा म्होरक्या फ्रँक हॅमर याच्या हातात मॉडेल एटच होती, आणि ही कथा प्रत्येक मालकाला तोंडपाठ असते. इथे आपल्या गृहस्थांची तारांबळ बघावी. कायदा करणाऱ्यांनी अर्धस्वयंचलित म्हणून त्यांची रायफल आजच्या एआर-१५ रायफलीच्या पंगतीला बसवली की ते संतापतात: कुठे ही खानदानी अक्रोडी दस्त्याची बाई आणि कुठे ती प्लॅस्टिकची कार्टी! आणि पाचच मिनिटांनी, उजव्या बाजूचा सेफ्टीचा लांबलचक खटका खालीवर करत, तेच मोठ्या मानाने सांगतात की कलाश्निकोव्हने एके-४७ चा खटका इथूनच उचलला. एका दमात सोवळं आणि दुसऱ्या दमात सोयरीक! या विसंगतीची त्यांना लाज वाटायला हवी, असं मला वाटतं. पण माझ्या मूळ मुद्द्याला ती बळकटीच देते: वाद जिवाचा असो, कायद्याचा असो, त्यांचा हात शेवटी खटक्यावर, म्हणजे सुट्या भागावर जातो.

सुट्या भागांचं दुखणं तर आता मुळावरच आलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावात रेमिंग्टनचा जुना कारखाना होता. तो २०२४ साली बंद झाला. या रायफलीचे भाग तिथे बनणं कितीतरी आधीच थांबलं होतं, तरी मालकांनी बातमी घरचंच कुणी गेल्यासारखी घेतली आणि लगोलग उपाय शोधला: मोडीत काढायला म्हणून एक दुसरी, खराब रायफल घ्यायची आणि तिचे भाग पहिलीला लावायचे. उपाय उत्तम. फक्त दुसरी घरी येते, तळघरात टेबलावर चढते, तिची नळी पुसली जाते, दस्त्यात मुरलेलं तेल काढलं जातं, आणि आठवडाभरात लक्षात येतं की ही तर पहिलीपेक्षा बरी आहे. आता हिला मोडीत कशी काढायची? मग हिच्यासाठी स्प्रिंग लागते, आणि स्प्रिंगसाठी गृहस्थ तिसरीच्या शोधात निघतात.