गवताला धक्का न लावता

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत झाडं तोडतो. हे वाक्य सांगलीत, नातेवाइकांच्या घोळक्यात असं सरळ म्हणायची सोय नाही. कॉम्प्युटरची एम. एस. करायला गेलेला मुलगा करवत घेऊन फिरतो म्हटल्यावर पुढची अर्धी संध्याकाळ त्याच्यावर नेमका काय प्रसंग ओढवला याच्या चौकशीत जाते. म्हणून आई सगळ्यांना "तो ट्री सर्व्हिसमध्ये आहे" एवढंच सांगते. ऐकणाऱ्यांना ते क्लाउड सर्व्हिसचं भावंड वाटतं, ते "वा, स्कोप आहे त्यात" म्हणतात आणि चहा येतो. वास्तविक त्याने नोकरी स्वखुशीने सोडली, दोरावर चढायला शिकला, राज्याच्या परवान्याची परीक्षा दिली. परीक्षा होती म्हटल्यावर आईचा अर्धा राग तिथेच ओसरला. किती मार्क पडले हे मात्र तिने विचारलंच.

या धंद्याबद्दल बाहेरच्यांचा एक ठाम समज असतो, की झाड पाडलं की काम झालं. पाडणं हा नुसता नाटकाचा पहिला अंक. नंतर जे आडवं पडलेलं असतं ते उचलून नेणं, हे काम. आमच्या इथली, म्हणजे न्यू जर्सीतली घरं अशी, की झाड मागच्या अंगणात असतं आणि ट्रक व फांद्यांचा भुगा करणारा चिपर पुढच्या रस्त्यावर. दोघांच्या मध्ये घर, घराला चिकटून बोळ, बोळाच्या तोंडाशी लाकडी कुंपणाचं फाटक. न्यू जर्सीचा राज्यवृक्ष रेड ओक. ओल्या ओकचं वजन घनफुटाला 63 पौंडांच्या आसपास. म्हणजे दोन फूट व्यासाचा आणि चार फूट लांबीचा एकच ओंडका धरला तरी 790 पौंड, आपल्या भाषेत 360 किलो. असे ओंडके एका झाडात किती निघतील याचा हिशेब ग्राउंडींसमोर, म्हणजे खाली उभं राहून ओढाओढ करणाऱ्या पोरांसमोर करायचा नसतो. केला तर ती दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

कामाला तोटाही नाही. एमराल्ड ॲश बोरर नावाचा एक हिरवा चकचकीत किडा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला, 2014 मध्ये न्यू जर्सीत पोचला आणि ॲशची झाडं उभ्या उभ्या मारत सुटला. मेलेलं ॲश इतकं ठिसूळ होतं, की त्यावर चढणं म्हणजे विमा कंपनीची परीक्षा पाहणं. ही झाडं पडायच्या आत पाडावी लागतात. आणि पाडलेलं लाकूड कुणाला नको असतं. आईला हे पटत नाही. "रस्त्यावर टाका, सकाळपर्यंत लोक नेतात," हा तिचा सांगलीचा अनुभव. इथे ‘फुकट लाकूड’ अशी पाटी लावली तरी पाटीला शेवाळ येतं, लाकूड तिथेच.

तर भावाची चाळिशी उलटली, त्याच्या कंबरेने राजीनाम्याची भाषा सुरू केली आणि एका रविवारी आमच्याकडे जेवायला आलेला असताना त्याने जाहीर केलं, की आता मिनी स्किड लोडर घ्यायचा. "ताई, तू मेकॅनिकलची ना?" मी मेकॅनिकलची आहे, हे खरं. पदवी मिळाल्यापासून घरातला मिक्सर सोडून कुठल्या यंत्राशी माझा संबंध आलेला नाही, हेही खरं. पण माहेरच्या माणसाने मानाने विचारलं की माहिती आपोआप सुचते. नवऱ्याने तोवर लॅपटॉप उघडून एक्सेलमध्ये पहिला रकाना आखला होता. त्याचं नाव ‘रीसेल’. यंत्र अजून घेतलं नव्हतं, पण विकायची तयारी झाली होती.

सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आईचा प्रश्न साधा होता. "जेसीबी घ्या की. आपल्या तळेगावातच तर बनतात." भावाने तिला फोनवर फोटो दाखवला. कमरेपेक्षा थोडं उंच यंत्र. ना केबिन, ना सीट, ना स्टिअरिंग. मागे एक पायफळी, तिच्यावर माणूस उभा. पुढे दोन हात, हातांत ओंडका. आईने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "याला बसायला जागा द्यायला विसरले वाटतं." मग मला तांत्रिक बाजू मांडावी लागली. याला वळायला स्टिअरिंग लागत नाही. डावी बाजू आणि उजवी बाजू वेगवेगळ्या वेगाने फिरतात. एक थांबवली आणि दुसरी चालवली की यंत्र घसरत, जागच्या जागी वळतं.

या जातीचा जन्मच मुळी अडचणीच्या जागेत झाला आहे. मिनेसोटातल्या रॉथसे गावात सिरिल आणि लुई केलर हे दोघे भाऊ लोहारकाम करायचे. तिथल्या एका टर्कीपालकाच्या दुमजली खुराड्यात खांबच खांब होते. ट्रॅक्टर आत शिरत नव्हता, वरच्या मजल्याला त्याचं वजन पेलत नव्हतं आणि टर्क्यांचं उत्पादन काही थांबत नव्हतं. 1957 मध्ये केलर बंधूंनी त्याला तीन चाकांचा, हलका, जागीच गिरकी घेणारा लोडर करून दिला. पुढच्याच वर्षी नॉर्थ डाकोटातल्या मेलरो कंपनीने तो उचलला, 1960 मध्ये त्याला चौथं चाक आलं आणि 1962 मध्ये ‘बॉबकॅट’ हे नाव. एवढं सगळं मी सांगितल्यावर आईने सार काढलं, "म्हणजे कोंबडीची घाण काढायला." टर्की आणि कोंबडी यांतला फरक समजावून सांगण्यात जेवणाची वेळ टळून गेली.

प्रत्यक्ष निवड सुरू झाली तेव्हा पहिला निकष निघाला 36 इंच. इथल्या अंगणांची फाटकं साधारण तेवढी, म्हणून मिनीवाले यंत्राची रुंदी 36 इंचांच्या आत बसवायला जिवाचा आटापिटा करतात. त्याच यंत्राला चाकांच्या जागी रुंद पट्टे घातले तर ते डोलत नाही, पण फाटकात अडकतं. अरुंद पट्टे घातले तर फाटकातून जातं, पण उतारावर चालवणाऱ्याला देव आठवतो. शिवाय फाटक 36 इंचांचं आहे असं जो गिऱ्हाईक फोनवर सांगतो, त्याने फळीपासून फळीपर्यंत मोजलेलं असतं. बिजागरी आणि कडी यांनी खाल्लेली जागा त्याच्या हिशेबात नसते. भाऊ तेव्हापासून खिशात टेप घेऊनच हिंडतो. कुणाच्या घरी सत्यनारायणाला गेला तरी तीर्थप्रसाद घेण्याआधी मागच्या फाटकाकडे एक नजर टाकून येतो.

दुसरा रकाना ताकदीचा. बरीच मिनी यंत्रं 24.8, 24.9 हॉर्सपॉवर अशी काठावर येऊन थांबतात. नवऱ्याला यात बाटाच्या किमतीचा वास आला. खरं कारण वेगळं आहे. अमेरिकेच्या प्रदूषणाच्या नियमांत डिझेल इंजिनासाठी 25 हॉर्सपॉवरशी एक रेघ आहे. तिच्या खाली राहिलं की धुरातली काजळी अडवणारं फिल्टर बसवावं लागत नाही, ते तापवून साफ करायची कटकट नाही आणि किंमतही आटोक्यात राहते. वरच्या इंजिनांना जोर जास्त, पण त्यांचे नखरे सांभाळायला वेगळी कमाई हवी.

पण खरी लढाई झाली ती उचलण्याच्या आकड्यावर. पत्रकावर लिहिलं होतं, क्षमता 1000 पौंड. खाली बारीक अक्षरात, की हा आकडा पट्ट्यांवरचं यंत्र ज्या वजनाला नाकावर कलंडतं, त्याच्या 35 टक्के धरला आहे. नवऱ्याने लगेच भागाकार केला. "म्हणजे प्रत्यक्षात 2,857 पौंड उचलतं! कंपनी 65 टक्के लपवते."

"दाजी, लपवत नाही, तुम्हाला वाचवते," भाऊ म्हणाला.

पण ज्याने आयुष्यात सांगितलेल्या किमतीला काही घेतलं नाही, तो सांगितलेली क्षमता कशी मान्य करणार? ओंडका धरणारा ग्रॅपल स्वतःच जाडजूड असतो, त्याचं वजनही यातूनच वजा होतं, असं मी सांगून पाहिलं. ओंडका झुलतो, अंगण उताराचं असतं, हात जितके वर तितका तोल नाजूक, हेही सांगितलं. नवऱ्याने ‘क्षमता (कंपनीच्या मते)’ आणि ‘क्षमता (खरी)’ असे दोन रकाने केले आणि विषय त्याच्यापुरता मिटला.

एवढ्यात चाकं की पट्टे, हा वाद यायचाच होता. पट्ट्यांवरच्या यंत्राचा जमिनीवरचा दाब चालताना आपल्या एका पावलाखाली पडतो त्याहून कमी असतो, कारण वजन लांबरुंद पट्ट्यावर पसरतं. हे ऐकून सगळे खूश झाले. मग भावाने उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. दाबाने गवत मरत नाही, वळण्याने मरतं. यंत्र घसरत वळतं म्हणजे कुणाला तरी सोलत वळतं. न्यू जर्सीत गवत ही काय चीज आहे हे आईला तोवर कळलेलं नव्हतं. इथे माणूस झाड तोडायला काही हजार डॉलर मोजतो, झाड छपरावर पडता पडता राहिलं तर हसतो. पण गवताचा तळहाताएवढा तुकडा उपटला गेला की त्याचा चेहरा असा होतो, की सांत्वनाला शेजारी जमावेत. म्हणून जाणकार कारागीर जाड प्लास्टिकच्या चटया अंथरतात आणि जागच्या जागी गिरकी न घेता, गाडी पार्क करतो तसं थोडं पुढे, थोडं मागे करत वळतात. फिनलंडची अव्हांट कंपनी तर यंत्र मधोमध वाकवूनच वळवते. गवत बिनघोर राहतं, वर चालवणाऱ्याला सीटही मिळते. आईचं मत एका क्षणात फिनलंडला गेलं. किंमत पाहून नवऱ्याचं परत आलं.

डीलरच्या मागच्या मैदानात डेमो होता. भाऊ पायफळीवर चढला. डाव्या हातात चालण्याचा दांडा, उजव्या हातात उचलण्याचा. ग्रॅपलने जबडा उघडला, ओकच्या ओंडक्यावर टेकवला आणि मिटला. साल करकरत सुटून खाली पडली. तेलाचे काळे होज एकदा ताठरले, इंजिनाचा आवाज खाली बसला आणि ओंडका उठला. त्याच क्षणी यंत्राचा मागचा भाग जमिनीपासून बोटभर वर आला. भावाने काहीही न बोलता आपलं बूड मागे टाकलं. यंत्र परत खाली टेकलं. मग त्याने ओंडका जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला आणि हळूहळू चालवत नेला.

मागे उभ्या माणसाचं वजन तोलाला कामी येतं, हे डीलरच्या माणसाने सांगितलं आणि मी आईला मराठीत सांगितलं. इतके दिवस या सगळ्या प्रकरणात आपल्याला काही वाव नाही म्हणून शेऱ्यांवरच समाधान मानणारी आई एकदम मोहिमेत उतरली. "बघ, मी किती दिवस म्हणतेय, वाळलायस. उद्यापासून डब्यात दोन पोळ्या जास्त." यांत्रिकी शास्त्राने पुरणपोळीचं इतकं उघड समर्थन केल्याचं माझ्या वाचनात नाही.

खर्चाची खरी वाट मात्र पुढे होती. दीड-दोन टन वजनाचं यंत्र कामावर न्यायचं कसं? ट्रकच्या मागे आधीच चिपर जोडलेला. म्हणजे दुसरा ट्रेलर, आणि ट्रेलर ओढायला दुसरी गाडी, आणि ती चालवायला दुसरा माणूस. ग्रॅपल वेगळा, बादली वेगळी, बुंधा कुरतडणारा ग्राइंडर वेगळा. त्या ग्राइंडरला मिनिटाला किती गॅलन तेल हवं, ते या यंत्राचा पंप देतो का, हे आणखी वेगळं. "म्हैस एक वेळ परवडते रे," आई म्हणाली, "गोठा परवडत नाही." नवऱ्याने तो रकाना लाल केला.

सगळ्या रकान्यांची बेरीज होऊन एक्सेलने जो निकाल दिला, तो सगळ्यात दणकट यंत्राच्या बाजूने होता. त्याचा सगळ्यात जवळचा डीलर मात्र दुसऱ्या राज्यात होता. हायड्रॉलिकचा होज फुटतो तो नेहमी ओंडका हवेत आणि गिऱ्हाईक खिडकीत असताना. तेव्हा दणकटपणा काय चाटायचा? आईने विचारलं, "सर्व्हिस सेंटर जवळ कुणाचं आहे?" हाच प्रश्न तिने सांगलीत फ्रीज घेताना, वॉशिंग मशीन घेताना आणि माझ्यासाठी स्थळ बघताना विचारला होता. भावाने वीस मिनिटांवर दुकान असलेल्या कंपनीचं, 36 इंचांच्या आतलं, पट्ट्यांवरचं, मध्यम ताकदीचं यंत्र घेतलं. नारळ आईने वाढवला. पाणी पट्ट्यांवर शिंपडलं, गवतावर नाही.

पहिल्याच कामावर फाटक निघालं 32 इंचांचं. आम्ही सगळे कौतुकाने बघायला गेलो होतो. नवऱ्याने टेप धरला आणि त्याचा चेहरा पडला. भाऊ मात्र स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कुंपणाशी गेला, चार स्क्रू काढले, कुंपणाची एक अख्खी चौकट उचलून भिंतीला टेकवली. आठ फुटांचा रस्ता मोकळा झाला.

आई ते बघत राहिली. मग तिने सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. "असं होतं, तर मग मोठं यंत्र घेतलं असतंस की. तळेगावचं."

भाऊ चटया अंथरत होता. मान वर न करता म्हणाला, "आई, कुंपण काढून ठेवता येतं. गवत कुठे काढून ठेवू?"