मनगटवाले दादा

जिल्ह्याच्या गावात जिथे सॉफ्टबॉलचा सराव चालतो, तिथल्या कट्ट्यावर एक मनगटवाले दादा असतातच. वय पंचेचाळिशीच्या पुढे, टी-शर्ट एक माप लहान, बाह्या दंडाला आवळून बसतील अशा बेताने शिंप्याकडून आणखी आत घेतलेल्या. कॉलेजात असताना ते जिल्ह्याच्या संघात होते. राखीव होते, हे ते सांगत नाहीत.

दादांचं शास्त्र एका वाक्याचं: "अंगात दम पाहिजे." चेंडू लांब गेला तर दम होता, जवळ पडला तर नव्हता. आठवीतली मुलगी स्ट्राइकआउट झाली की तिला जवळ बोलावून विचारतात, "सकाळी काय खाल्लंस बाळा?" तिने पोहे म्हणायचा अवकाश, दादा हताश होऊन आभाळाकडे बघतात. पोह्यांनी महाराष्ट्राच्या क्रीडाक्षेत्राचं केवढं नुकसान केलंय, यावर मग अर्धा तास.

इतिहासही त्यांच्याच बाजूने साक्षीला येतो. "१८८७ साली शिकागोत हा खेळ निघाला, तेव्हा बॉक्सिंगचा ग्लोव्ह चेंडूसारखा बांधला आणि झाडूच्या दांड्याने हाणला. कुठलं आलंय टेक्निक?" तो खेळ एका क्लबाच्या छपराखाली चालला होता आणि लांब मारायला जागाच नव्हती, हे त्यांना कोण सांगणार?

दादांचं हाडवैर कोच सरांशी. सर मोबाइलवर संथ गतीत चित्रण दाखवतात आणि "आधी कंबर, मग हात" असा जप करतात. बॅटचं वजन दुप्पट केलं तर जोर दुप्पट, पण तिचा वेग दुप्पट केला तर चौपट, हे त्यांचं आवडतं गणित. मुलींच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून फेकते आणि चांगल्या पिचरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. तेवढ्यात दंड फुगवायला सवड नसते. अर्थात सरांचंही कौतुक बेतानेच करावं; चित्रण बघता बघता अंधार पडतो आणि मुली बॅट न फिरवताच घरी जातात.

एखाद्या दिवशी दादा स्वतः बॅट घेतात. मूठ इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडतात, खांदे कानाला टेकतात, जबडा आवळलेला. आवळलेलं मनगट चेंडूपर्यंत वेळेवर पोचत नाही, बॅट चेंडूच्या खालच्या अंगाला चाटून जाते आणि चेंडू सरळ वर. सगळे माना वर करून थांबतात. तो कॅचरच्याच हातात येऊन पडतो. दादा विचारतात, "उंची बघितलीत का?"

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे अमेरिकेची क्रिस्टल बुस्टोस. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने सहा होमरन मारले. दादा म्हणतात, "बांधा बघा तिचा!" तिचं चित्रण लावून सर म्हणतात, "पाय बघा तिचे!" माझ्या मते दोघेही खरं बोलतात. बुस्टोसची ताकद दांडगीच. पण ती मांड्यांतून उठते, कमरेतून फिरते आणि मग बॅटला पोचते. दादांची ताकद दंडात उतरते आणि तिथेच मुक्काम करते.

तेव्हा मुलगी या खेळाला जात असेल, तर तिला बैठका जरूर मारू द्या. पाय आणि कंबर भक्कम लागतेच. बॅट कशी धरायची ते मात्र सरांनाच विचारा. दादांना विचारलंत तर तेही शिकवतील, आणि फुकट शिकवतील.