नामदार लिनलिथगो साहेबांच्या सेवेशी

नामदार लॉर्ड लिनलिथगो साहेब,
माजी व्हाइसरॉय, हिंदुस्थान

यांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

सर्वप्रथम आभार ३ सप्टेंबर १९३९ च्या रविवारचे. त्या दिवशी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे आपण परस्पर जाहीर केलेत आणि कोट्यवधी लोकांचा विचार करण्याचा त्रास वाचवलात. कॅनडावाल्यांना बिचाऱ्यांना पार्लमेंट भरवून १० सप्टेंबरपर्यंत थांबावे लागले. दक्षिण आफ्रिकेत मतदान झाले आणि तटस्थ राहू पाहणाऱ्या पंतप्रधान हर्टझॉग यांना पायउतार व्हावे लागले. आमच्याकडे मतदान नाही, चर्चा नाही. मग मुंबईच्या बाळासाहेब खेरांसह काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि आपला कारभार आणखी सुटसुटीत झाला.

हे युद्ध स्वातंत्र्यासाठी आहे, हेही आपल्याच सरकारने आम्हाला शिकवले. १९४१ च्या ऑगस्टमध्ये, लोकांना आपले सरकार निवडण्याचा हक्क मानणारी अटलांटिक सनद निघाली आणि आम्ही भाबडेपणाने कान टवकारले. ती हिंदुस्थानासाठी नाही, असे सांगून चर्चिल साहेबांनी पुढच्याच महिन्यात पार्लमेंटात आमचा गैरसमज दूर केला. वर्षभराने आम्ही ‘चले जाव’ म्हटले, तेव्हा आपण नेहरू-पटेलांची सोय अहमदनगरच्या किल्ल्यात आणि गांधीजींची पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये केलीत. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिथे आठवडाभरही जगले नाहीत. कस्तुरबाही तिथेच गेल्या. या पाहुणचाराचे आभार कसे मानावेत, हे मात्र मला उमगलेले नाही.

आपल्या कृपेने परदेशात आमचे नाव झाले. दोन लाखांची फौज पंचवीस लाखांची झाली, तीही सक्तीची भरती न करता. पोटाची सक्ती सरकारी कागदावर कुठे दिसते? कुलाबा जिल्ह्यातल्या माणगावकडच्या यशवंत घाडगे या मराठा नाईकाने १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात, सोबतचे जवान पडल्यावर, एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर झडप घातली. ठाणे घेतले आणि तिथेच प्राण सोडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. इटलीच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या या माणसाला स्वतःच्या देशाचे सरकार निवडता येत नव्हते, ही किरकोळ बाब आपल्या ध्यानी आली नसावी.

आणि आम्ही सावकारही झालो, साहेब! कालपर्यंतचे कर्जदार, युद्ध संपताना ब्रिटनकडे आमचे सुमारे १३० कोटी पौंड येणे निघाले. माल इथला, माणसे इथली, रक्कम मात्र लंडनच्या वहीत. इथल्या खर्चासाठी नाशिकच्या छापखान्यातून नोटा निघतच राहिल्या. धान्याचे भाव चढत गेले आणि ज्याची मजुरी जागच्या जागी राहिली त्याने ताटातला घास देऊन ब्रिटनला कर्ज दिले. त्याला कोणी व्याज दिले नाही.

आता बंगालबद्दल. हिंदुस्थानच्या शेतीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचे अध्यक्ष आपणच होता. आमच्या रयतेची भूक आपल्याइतकी अभ्यासलेला व्हाइसरॉय दुसरा झाला नाही, म्हणून आम्ही किती भाग्यवान! ब्रह्मदेश पडल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला होता. जपानी येतील म्हणून आपल्याच राज्यात बंगालच्या किनाऱ्यावरून तांदूळ हलवला गेला, हजारो नावा काढून घेतल्या गेल्या. नाव गेल्यावर कोळ्याने मासे कशाने धरायचे आणि धान्य बाजारात कशाने न्यायचे, हे कमिशनच्या अध्यक्षांना कोणी सांगायला हवे होते काय?

मग बंगालात दुष्काळ पडला. त्यात आणि मागोमाग आलेल्या रोगराईत सुमारे तीस लाख माणसे मेली. कलकत्त्याच्या फुटपाथवर प्रेते पडत होती. १९४३ च्या ऑक्टोबरात आपण मायदेशी निघालात, तोवर एकदाही तिकडे गेला नाहीत. आपल्या जागी आलेले वेव्हेल साहेब आठवड्याच्या आत जाऊन आले.

दिल्लीहून कलकत्त्याला रेल्वे होती, साहेब.

कळावे.