श्री. पीडीएफसम्राट यांस अनावृत पत्र



काल रात्री आपण ग्रुपवर टाकलेली आमच्या नव्या कादंबरीची पीडीएफ मिळाली. प्रकाशन समारंभाला महिनाही झाला नव्हता. इतकी तत्पर वितरणव्यवस्था आम्हाला कधीच जमली नाही. ज्या गावात पुस्तकाचे दुकान नाही, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर आता वेफर्स मिळतात, तिथेही आपण क्षणात पोचलात. वर कमिशन नाही! आमचे विक्रेते-वितरक मिळून चाळीस टक्के घेतात आणि हिशेब पुढच्या दिवाळीला देतात.

स्कॅनही झकास. फक्त पृष्ठ ११२ वर आपला अंगठा आला आहे आणि नायिकेचे अर्धे पत्र त्याखाली गेले. आमच्या मुद्रितशोधक बाई त्याच पानावरच्या एका वेलांटीसाठी लेखकाशी तासभर भांडल्या होत्या. त्यांना अजून हे दाखवलेले नाही.

‘मराठी घराघरांत पोचवा’ असे आपण खाली लिहिता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, तेव्हा ग्रुपवर पहिले पेढे आपलेच पडले होते. म्हणूनच ‘पुस्तके फार महाग’ ही आपली तक्रार मी मनावर घेतली. पुस्तक अकरा फर्म्यांचे, किंमत ३०० रुपये. त्यातले १२० विक्रेत्या-वितरकांचे, दहा टक्क्यांनी ३० लेखकाचे. उरल्या दीडशेत कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, टपाल, गोदामाचे भाडे आणि जमलेच तर मी. पुस्तकावर जीएसटी नाही, हे आपले म्हणणे बरोबर. कागदावर मात्र आहे; आणि पुस्तकच करमुक्त, त्यामुळे कागदावर भरलेला कर आम्हाला वळता करून घेता येत नाही. सरकारची ही सवलत आम्हालाच भरावी लागते. पूर्वी आवृत्ती हजाराची काढायचो, आता पाचशेची काढतानाही दहादा विचार करतो. आवृत्ती लहान, की प्रतीमागे खर्च जास्त. खर्च जास्त, की किंमत जास्त. मग आपल्याला पीडीएफ करावी लागते. आपला नाइलाज कळतो.

कायद्याने मोकळी पुस्तकेही पुष्कळ आहेत हो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे ‘श्यामची आई’ २०११ पासून कुणीही छापावी, खुशाल वाटावी. गडकऱ्यांना जाऊन तर शंभराहून अधिक वर्षे झाली. तरीही आपण शोधून शोधून हयात लेखकच निवडता. समकालीन साहित्याची एवढी कदर समीक्षकांनाही नाही.

एक मात्र सांगायला हवे. आपल्या त्या ग्रुपवर या कादंबरीचे लेखकही आहेत. फाइल येताच सर्वांत आधी त्यांनीच हात जोडून लिहिले, ‘अप्रतिम! संग्रही ठेवतो, सर.’ उघडून पाहिली नसावी.

आपला,
एक प्रकाशक