लिनक्स झटपट कसे सुरू करावे (नवशिक्यांसाठी)

लागणारे साहित्य: एक लॅपटॉप, प्रशासकाचा पासवर्ड, आणि यंत्र वीस सेकंद आधी सुरू झाले तर आपण वीस सेकंद आधी कामाला लागू अशी निरागस श्रद्धा.

पहिली पायरी. टर्मिनलवर 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम' चालवा. कोणत्या सेवेने किती वेळ खाल्ला, याची उतरती यादी येईल. वरच्या चार सेवा ताबडतोब बंद कराव्यात असे हात शिवशिवतील. करायचे तर आत्ताच करा, पुढे वाचलेत तर धीर होणार नाही. जुन्या सिस-व्ही इनिटमध्ये क्रमांकवार एक स्क्रिप्ट संपली की दुसरी चाले. लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी २०१० साली आणलेले सिस्टमडी मात्र जमेल तितक्या सेवा एकाच वेळी सुरू करते. म्हणजे यादीत अव्वल आलेल्या सेवेसाठी कोणी खोळंबले असेलच असे नाही. कोण कोणासाठी थांबले, हे 'क्रिटिकल-चेन' सांगते. ती नवशिके कधी चालवत नाहीत. तुम्हीही परंपरा मोडू नका.

दुसरी पायरी. आपल्या सेवेच्या फाइलीत 'रिक्वायर्स' लिहा आणि निर्धास्त व्हा. हे म्हणजे लग्नात मामांना आवतण धाडून ते कधी यायचे हे न सांगणे. मामा येतात, पण ते फेटा बांधत असतानाच गुरुजी मंगलाष्टके सुरू करतात. 'रिक्वायर्स' फक्त बोलावते. क्रम लावायला 'आफ्टर' वेगळे लिहावे लागते. आणि नुसते 'आफ्टर' कोणालाच बोलावत नाही. डेटाबेस आधी की अ‍ॅप, यावरून होणारी निम्मी भांडणे इथलीच.

तिसरी पायरी. 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन' बंद करा. नेटवर्क येईपर्यंत थांबणे एवढीच या सेवेची नोकरी. घरच्या लॅपटॉपवर ती गेल्याचे सहसा कोणाला कळतही नाही. सर्व्हरवर एनएफएसचे फोल्डर जोडलेले असेल, तर मात्र कळेल.

चौथी पायरी. गेल्या वर्षी काढून ठेवलेली डिस्क 'एफएसटॅब'मध्ये तशीच राहू द्या. वेगळी मुदत दिली नसेल तर सिस्टमडी तिची दीड मिनिट वाट पाहील, आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन उभे करील. त्या ओळीत 'नोफेल' लिहिले की सगळे सुटते, पण मग शिकायचे काय?

पाचवी. 'क' सेवा 'ख'नंतर आणि 'ख' सेवा 'क'नंतर, असे लिहून पाहा. सिस्टमडी वाद घालत नाही. चक्र तोडायला त्यातले एक काम वगळते आणि तशी नोंद जर्नलमध्ये करते. लॉगिनचा पडदाच वगळला गेला, तर ती नोंद वाचायला कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा.

एक राहिलेच. 'सिस्टमसीटीएल एडिट'ने 'आफ्टर' जोडता येते, आधीचे काढता येत नाही. काढायचे तर सोबत 'फुल' हा पर्याय देऊन अख्खी फाइल उघडावी लागते. एवढे करूनही बिघडलेच, तर 'सिस्टमसीटीएल रिव्हर्ट' आहे. पुढे सेवेचे नाव लिहा, स्पेलिंग तपासून.